कढईची चीर

एका गावात एक कढई होती. कुणी म्हणेल, राजाची गोष्ट ऐकलीय, कोल्ह्याची ऐकलीय, कढईची कसली गोष्ट? पण ऐका तर खरं. ही कढई ओतीव बिडाची होती, काळी कुळकुळीत, आणि उचलायला चार गडी लागतील एवढी थोरली. ती कुणा एकाची नव्हती, गावकीची होती. लग्न असो, बारसं असो, देवळातला भंडारा असो, पुऱ्या तळायच्या त्या तिच्यातच. तिच्याशिवाय कार्य उरकलं तर लोक म्हणत, "कार्य झालं म्हणे, पण पुऱ्या घरच्या कढईतल्या होत्या," आणि ते अशा आवाजात म्हणत की त्यापेक्षा कार्य नसतं झालं तरी बरं.

बीड मोठं कणखर, पण तितकंच हट्टी. तांब्यापितळेला ठेच लागली तर पोचा पडतो, ठोकला की पुन्हा सरळ होतो. बिडाला वाकणं ठाऊक नाही. ते वर्षानुवर्षं टिकतं आणि जातं तेव्हा तडकूनच जातं. म्हणून जुन्या लोकांनी कढई जपण्यासाठी एक नियम करून ठेवला होता. ज्याच्या दारात असताना कढईला काही झालं, त्या घराला गावकीचं भांडं पुन्हा कधी मिळायचं नाही.

आणखी एक रीत होती. कढई एका घरून दुसऱ्या घरी जाताना घेणाऱ्या बाईनं झाऱ्याच्या दांड्यानं तिच्या काठावर एक टोला द्यायचा. कढई धड असली की 'ठण्ण' असा आवाज व्हायचा आणि तो पार देवळापर्यंत जायचा. मग देणारीनं तिला आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवायचा, म्हणजे गंज चढत नाही, आणि सोपवायची.

त्याच गावात धुरपदा नावाची बाई राहत होती. ती पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावायची. गावातल्या एकूण एक पंगतीत तिच्या हातची पत्रावळ असे, पण तिच्या स्वतःच्या दारात पंगत अशी कधी बसली नव्हती. आता बसणार होती. तिच्या एकुलत्या एक लेकीचं, सुंदराचं, लग्न तीन दिवसांवर आलं होतं. धुरपदेचा नवरा अक्षत द्यायला पाहुण्यांच्या गावांना गेला होता. धुरपदा एकटीच घर सारवत होती, गहू दळत होती, आणि मधूनच उगीच हसत होती.

कढई तिच्याकडे आली ती शेजारच्या हौसाकडून. हौसाच्या पुतण्याचं जावळ नुकतंच झालं होतं. हौसा म्हणजे धुरपदेची जिवाभावाची मैत्रीण, आणि हौसाचा नवरा तुळशीराम म्हणजे गावाचा तळणारा. कार्य कुणाचंही असो, चुलीपुढं मांडी घालून पुऱ्या तळायला बसायचं ते तुळशीरामनंच. त्याच्या हातच्या पुऱ्या टम्म फुगत, आणि का फुगतात ते विचारलं तर तो नुसता मान हलवी.

धुरपदेनं रीतीप्रमाणे झारा उचलला तेव्हा हौसानं दोन्ही हातांनी कढईचा काठ घट्ट धरला होता. "जड हाय गं, कलंडंल," ती म्हणाली. टोला पडला, पण आवाज आला 'ठप'. धुरपदेला तो थोडा वेगळा वाटला खरा. पण लग्नघरच्या बाईच्या डोक्यात शंभर गोष्टी असतात, त्यात एका आवाजाला कुठून जागा मिळणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कढई पुजायला घेतली. लग्नघरी कढई आली की तिच्या काठाला चुन्याचा रुंद पट्टा द्यायचा, त्यावर कावेची, म्हणजे लाल मातीची, बोटं उठवायची, हळदकुंकू वाहायचं आणि मग ती चुलीवर चढवायची, अशी पद्धत. धुरपदेनं काठावर हात फिरवून जुनं तेल पुसलं, चुना लावला आणि तो वाळेपर्यंत पानं निवडायला गेली.

परत येऊन बघते तो चुना पांढराफेक वाळला होता, आणि त्या पांढऱ्यात एक काळी तेलकट रेघ उमटली होती. काठापासून निघून वेडीवाकडी होत ती खाली उतरली होती. चुन्यानं बाकी सगळं अंग झाकलं, पण फटीत मुरलेलं तेल काही झाकलं जाईना, ते आतून वर आलं होतं. धुरपदेनं नखानं रेघ खरवडली. नखाखाली गूळ आणि काजळी कालवून थरावर थर भरलेलं काहीतरी निघालं, आणि त्याच्यामागे चीर.

काल हौसानं आवाज दाबायलाच काठ धरून ठेवला होता हे धुरपदेला कळलं, आणि गूळ-काजळीचं लिंपण एका हातचं नसणार हेही कळलं. कढईच्या आत वर्षानुवर्षं तेल जिथवर भरत आले होते तिथं वळ उठला होता. चिरेचं टोक त्या वळापासून फक्त चार बोटं वर होतं.

सुंदरा हळद कुटता कुटता उठून आली. आईच्या खांद्यावरून तिनं बघितलं आणि तिचाही चेहरा उतरला.

"आई, आता गं?"

"आता काय. सांगावं लागंल."

"सांगितलंस तर कढई जाईल. परत कुठलंच भांडं मिळायचं न्हाई आपल्याला. माझ्या सासरची माणसं येणार, आन् पुऱ्या पातेल्यात तळणार का?" सुंदरानं आईचा दंड धरला. "इतकी कार्यं झाली तिच्यात, एक आणखी हुईल. माझं लगीन झालं की सांग ना."

धुरपदेच्या मनात तेच आलं होतं, खोटं कशाला बोला. हाताशी कावेची वाटी होती. दोन बोटं कावेची ओढली की रेघ गेली असती.

"हौसाबी असंच म्हणाली असंल," ती हळूच बोलली. "तिच्या आधीच्या घरानं बी. 'आमचं एवढं झालं की.' प्रत्येकाचं एवढं होत होत चीर इथवर आलीया बघ." मग म्हणाली, "सुंदरे, परवा त्या चुलीपुढं तुळशीरामभावजी बसणार. मांडी घालून. उकळतं तेल इस्तवात पडलं तर त्यास्नी उठाया तरी येळ मिळंल का?"

सुंदरानं कावेची वाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली.

धुरपदा थेट कारभाऱ्यांच्या दारात गेली. कारभारी म्हणजे गावकीच्या भांड्यांची राखण करणारे, नियमाला पक्के, आणि आवाजाला त्याहून पक्के. ते आले, त्यांच्यामागून काठी टेकत त्यांची म्हातारी आई आली, कारण गावात काही घडलं आणि म्हातारीनं बघितलं नाही असं कधी व्हायचं नाही. त्यांच्यामागून निम्मा गाव आला. कारभाऱ्यांनी चुन्यातली रेघ बघितली आणि घसा खाकरला.

"धुरपदाबाई, नियम काय हाय ते तुमाला ठावं हाय."

"ठावं हाय, कारभारी."

"कढई तुमच्या दारात हाय."

"चीर माझ्या दारात दिसली. पडली कुठं ते मला न्हाई ठावं." तिनं पदर सावरला. "मी लगीन घरच्या पातेल्यात निभावीन. पर एवढं ऐका, आदी लोहाराला दावा. हाय अशी पुढच्या घरी जाऊ देऊ नका."

गर्दीत मागे हौसा उभी होती. तोंडावर पदर, नजर जमिनीकडे. धुरपदेनं तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. सांगायचं ते आपल्यापुरतं सांगून झालं होतं. दुसऱ्याचं नाव घ्यायला तिची जीभ वळली नाही. लग्नाचा उल्हास मात्र पार गेला होता, आणि सगळ्या गावात आपण एकट्याच पडलो असं तिला वाटत होतं.

कारभारी नियमाला पक्के असले तरी माणूस वाईट नव्हते. त्यांनी बैलगाडी जुंपून शेजारगावी पाठवली. ऊन कलायच्या आत गाडीतून लोहार आणि लोहारीण उतरली. लोहाराला कानानं कमी ऐकू यायचं, म्हणून हत्यारं त्याची आणि बोलणं तिचं, अशी त्यांची वाटणी होती. आणि आपल्या वाटणीत तिनं कधी कसर ठेवली नव्हती.

तिनं झारा घेऊन टोला दिला. 'ठप'.

"कढईला सर्दी झालीय तुमच्या," ती म्हणाली. मग वाकून चीर बघितली, नवऱ्याला खुणेनं काही सांगितलं, त्यानं खुणेनं उत्तर दिलं. "भोक पाडावं लागंल."

"कढईला भोक?" कारभाऱ्यांचा आवाज चढला. "आमी चीर बुजवायला बोलावलं तुमाला. भोक पाडून तेल कुठं ठेवायचं मग?"

"बुजवायचं काम तुमीच केलंया की, गूळ घालून," लोहारीण म्हणाली. "बुजवल्यानं चीर थांबत न्हाई, निस्ती दिसायची थांबती." तिनं कमरेला खोचलेली चिंधी काढली आणि दोन्ही हातांनी ओढली. चिंधी फाटली नाही. मग तिनं कडेला दातानं जरासं कातरलं आणि पुन्हा ओढली. चिंधी टर्रकन दोन झाली. "बघा. धड हुती तवा माझा जोर साऱ्या कापडावर वाटून गेला. कातरल्यावर सारा जोर कातरल्याच्या टोकाला आला. तुमच्या कढईचं तसंच. तापली, निवाली, आपटली, सगळा ताण त्या टोकाला बसतो, आन् टोक पुढं सरकतं. त्या टोकावर गोल भोक पाडलं की टोकच ऱ्हात न्हाई. ताण बसणार कुठं?"

धुरपदेला हे ऐकताच पटलं. पळसाचं पान चिरायला लागलं की तीही चिरेच्या पुढंच काडी टोचायची.

"आन् भोक तेलाच्या वळाच्या वर पडणार," लोहारीण पुढं म्हणाली, "म्हणजे तेल जागच्या जागी. चीर मात्र वळाखाली उतरली की तेल चुलीत, आन् चुलीतला जाळ म्होरं बसलेल्याच्या मांडीवर. तळाया बसतं कोण तुमच्यात?"

सगळ्यांच्या माना तुळशीरामकडे वळल्या. तुळशीरामनं आपल्या पायांकडे बघितलं.

"आता एक सांगा," लोहारीण म्हणाली. "डोळ्यांना दिसतं ते चिरेचं खरं टोक नसतं. खरं टोक त्याच्या पुढं असतं, बारीक. किती पुढं, ते चीर किती भरभर येतीय त्यावर हाय. भोक मागं पडलं तर वाया गेलं, चीर त्याला वळसा घालून जाईल. तर कुणाच्या घरी असताना ती कुठवर हुती, ते मला पाहिजे. मला कुणावर रागवायचं न्हाई, भोक कुठं पाडायचं ते ठरवायचंय."

एकाला अचानक म्हशीची आठवण झाली, दुसऱ्यानं पागोटं काढून पुन्हा बांधायला घेतलं. कारभारी सगळ्यांकडे डोळे वटारून बघत राहिले.

तेवढ्यात गर्दीतून हौसा पुढं आली. तिचा चेहरा रडून लाल झाला होता. तिनं कढईजवळ बसून चिरेवर एके ठिकाणी बोट ठेवलं.

"माझ्या घरी आली तवा इथवर हुती. जाताना दोन बोटं पुढं गेली हुती. म्या बघितलं. म्या गूळ भरला. टोला मारताना काठ बी म्याच धरला." तिला हुंदका आवरेना. "एकदा हातातनं गेली की आपली न्हाई, असं वाटलं मला. माझाच माणूस तिच्याम्होरं बसणार हाय, हे ध्यानात सुदिक आलं न्हाई."

पुढच्या क्षणी सुताराची सून हौसाशेजारी येऊन बसली. तिनं हौसाच्या बोटाच्या थोडं वर आपलं बोट टेकवलं. "आमच्याकडं बारशाला इथवर हुती." मग देवळाचा पुजारी पुढं आला, "भंडाऱ्याला इथं, हिच्यावर," म्हणाला, आणि वाकून त्यानंही बोट ठेवलं. त्याच्या वर वेशीजवळच्या घरच्या म्हाताऱ्याचं बोट आलं. चिरेवर बोटांची ओळ लागली, काठाकडे जवळजवळ आणि खाली येईल तशी लांब लांब.

अगदी काठाशी नखाएवढी जागा राहिली. तिथं कोण, म्हणून सगळे इकडंतिकडं बघू लागले, तो काठी बाजूला ठेवून कारभाऱ्यांची म्हातारी आई कष्टानं खाली बसली. तिनं आपलं बोट काठाला लावलं.

"सुरुवात माझी," ती म्हणाली. "धाकट्या नातवाच्या मुंजीत. पाव्हणे खोळंबले व्हते, कढई लवकर घासायला पायजे व्हती. चुलीवरनं उतरली न उतरली तोच म्या तापल्या काठावर गार पाण्याची घागर ओतली. टिच् असा आवाज आला. मी म्हटलं, चुलीतलं लाकूड तडकलं." तिनं लेकाकडे मान वर केली. "आता नियम लाव बाबा. पर आदी आपल्या घराला लाव."

कारभाऱ्यांचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. एवढ्या पक्क्या आवाजाच्या माणसाला आवाज सापडेना.

"लावा लावा," लोहारीण म्हणाली. "फकस्त येवढं बघा, गावात कढई वापराया एखादं घर शिल्लक ऱ्हातंय का."

पहिली हसली ती म्हातारीच. मग सगळा गाव हसला, आणि हसता हसता कुणाकुणाचे डोळे पुसले गेले. धुरपदा त्या बोटांकडे बघत उभी होती. सकाळपासून जो दगड उरावर होता तो उतरला होता. ही माणसं गप्प राहिली असती तर कुणी त्यांना काही म्हणणार नव्हतं, तरी ती पुढं आली. तिला त्या प्रत्येक बोटाचे उपकार वाटले, हौसाच्या बोटाचे सगळ्यात जास्त.

लोहारणीनं बोटांमधली अंतरं नीट न्याहाळली. "पळत सुटलीया तुमची चीर. आदी नखानखानं चालत व्हती, आता बोटाबोटानं चाललीया. बरं झालं सांगितलंत. मी टोकाच्या जरासंच पुढं पाडणार हुते, आता आणखी पुढं घेते." तिनं काजळीचा ठिपका दिला. लोहारानं त्या जागी सामता, म्हणजे दोरीनं फिरवायचं गिरमिट, टेकवला, दोरी ओढायला सुरुवात केली, आणि बिडाचा काळा भुसा सुरसुर खाली पडू लागला. बऱ्याच वेळानं आरपार उजेड दिसला. वाटाण्याएवढं गोल, गुळगुळीत भोक. भोकाच्या वरच्या कडेत चिरेचं केसासारखं बारीक टोक येऊन संपलं होतं. खालच्या कडेत काही नव्हतं.

कारभाऱ्यांना तोवर आवाज सापडला होता. ते धुरपदेसमोर आले आणि सगळ्यांदेखत त्यांनी हात जोडले. "बाई, तुमी बोलला नसता तर परवा या गावात काय झालं असतं, कुणास ठाऊक. तुमचे उपकार हायत गावावर. कढई तुमच्या दारातनं हलायची न्हाई. सुंदरा गावाची लेक हाय."

लग्न झालं. तुळशीराम मांडी घालून चुलीपुढं बसला. कढई तापली, तेल उकळलं, चिरेकडे सगळ्यांचे डोळे लागून राहिले, पण ती जागची हलली नाही. पहिला घाणा देवाला दाखवून मांडवात न्यायचा असतो. तुळशीरामनं देवाचं काढून ठेवलं आणि त्याच घाण्यातली टम्म पुरी पळसाच्या पानावर घेऊन तो स्वतः उठून धुरपदेकडे गेला. हा माणूस चुलीपुढून उठलेला आजवर कुणी बघितला नव्हता.

"वैनी," तो म्हणाला, "हे पाय माझे माझ्यापाशी हायत, ते तुमच्यामुळं." एवढं बोलणं त्याला वर्षभर पुरलं असतं.

धुरपदेनं पुरीचे दोन तुकडे केले, एक शेजारी उभ्या असलेल्या हौसाच्या तोंडात घातला, एक आपल्या. दोघी पुरी चावत राहिल्या, आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं. बघणाऱ्यांना वाटलं, लेक सासरी निघाली म्हणून रडतायत. तेही होतंच.

पुढं गावानं जुना नियम मोडला. कढई सोपवताना आता देणारी बाईच आधी सांगते, "इथं जरा खरचटलंय, इथं ठेच लागलीय, बघून घे." आणि घेणारीनं "कुणी केलं?" असं विचारायचं नाही. तिनं देणारीच्या तोंडात गुळाचा खडा घालायचा आणि म्हणायचं, "बरं झालं सांगितलंस." मग झाऱ्याचा टोला. आवाज पूर्वीसारखा देवळापर्यंत जात नाही, भोकाचा आणि चिरेचा थोडा घोगरेपणा त्यात राहिला आहे. पण तो ऐकू आला की गावातल्या बायका हातातलं काम ठेवून म्हणतात, चला, आणखी एका घरी कार्य आलं.

तात्पर्य: चीर लपवली की वाढते आणि दाखवली की थांबवता येते, म्हणून ती दाखवणाऱ्याचे आधी आभार मानावेत, जाब मागाहून विचारावा.